खानदेशचा वैद्य : त्याचा दिवस आणि त्याची मर्यादा

(नभोवाणीवरील भाषण)



‘सिद्ध’ हा शब्द उच्चारला कीं आपल्या महाराष्ट्रीय मनापुढें प्रथम नाथपंथी योगी उभे राहतात. खानदेशांत तर ह्या शब्दाला भूगोलाचाही आधार आहे. सातपुड्यांत तोरणमाळच्या पठारावर गोरक्षनाथाचें स्थान असून महाशिवरात्रीस तेथें मोठी यात्रा भरते. तोरणमाळ आज नंदुरबार जिल्ह्यांत मोडतें. १ जुलै १९९८ रोजीं तो जिल्हा वेगळा होईपर्यंत तें धुळें जिल्ह्यांत होतें. इकडे जळगांव जिल्ह्यांत तापी-पूर्णेच्या संगमावर योगी चांगदेवाच्या नांवाचें प्राचीन मंदिर आहे. परंतु ‘सिद्धवैद्यक’ म्हणून जें एक स्वतंत्र शास्त्र सरकारनें मान्य केलेलें आहे, तें मात्र आमच्याकडील नव्हे. तें तामिळ देशाचें. त्याचा थोडा परिचय करून घेऊन मग आपण आपल्या खानदेशांतील वैद्याच्या अंगणांत जाऊं.

तामिळ परंपरा अठरा सिद्ध मानते. त्यांत अगस्त्य हा आद्य, आणि तिरुमूलर, भोगर इत्यादि पुढचे. अगस्त्य विंध्य ओलांडून दक्षिणेस गेला, ही कथा आपण लहानपणीं ऐकलेली आहे. तेव्हां तो ह्या तापीच्या खोऱ्यांतूनच गेला असेल, अशी कल्पना करण्यास आम्हां खानदेशवासीयांस कोणी अडवूं नये. सिद्धांचें वैद्यकज्ञान तामिळ पद्यांत, ताडपत्रांवर उतरून गुरुशिष्यपरंपरेनें चालत आलें. वात, पित्त व कफ हे तीन दोष आयुर्वेदाप्रमाणें तेथेंही आहेत. रोग्याची परीक्षा आठ प्रकारची : नाडी, स्पर्श, जीभ, वर्ण, वाणी, डोळे, मल आणि मूत्र. सकाळच्या मूत्रावर तिळाच्या तेलाचा एक थेंब सोडून तो कसा पसरतो, हेंही वैद्य पाहतो. पोटांत घ्यावयाच्या औषधांचे ३२ आणि बाहेरून करावयाच्या उपचारांचे ३२ प्रकार सांगितलेले आहेत. पालयंकोट्टै येथें १९६४ पासून सरकारी सिद्ध वैद्यकीय महाविद्यालय चालूं आहे, आणि चेन्नईजवळ तांबरम येथें २००५ सालीं राष्ट्रीय सिद्ध संस्था सुरू झाली. २०१४ सालीं केंद्रांत जें स्वतंत्र आयुष मंत्रालय झालें, त्याच्या कक्षेंत आयुर्वेद, योग, युनानी व होमिओपथी यांच्या बरोबरीनें सिद्धवैद्यकही येतें.

तामिळ खेड्यांतील सिद्धवैद्य आणि आमच्या चोपडें, शिरपूर, साक्रीकडील वैद्य हे एकमेकांची भाषा जाणत नाहींत. पण दोघांचा दिवस मात्र बराचसा एकाच वळणाचा असतो. गंमत पाहा. दोघेही नाडी पाहतात आणि दोघेही तिच्या गतीला प्राण्यांच्या चालीची उपमा देतात. आमच्याकडे वाताची नाडी सर्पासारखी किंवा जळवेसारखी, पित्ताची कावळ्या-बेडकासारखी उड्या घेणारी आणि कफाची हंसासारखी संथ. तामिळ ग्रंथांत हंसाची चाल वाताकडे गेली आहे आणि सर्पाची कफाकडे! उपमा अशा बदलल्या तरी बोटें तींच. सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे, चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत ही नाडीपरीक्षा नाहींच. आपल्या आयुर्वेदीय ग्रंथांत ती प्रथम शार्ङ्गधरसंहितेंत दिसते, म्हणजे पुष्कळ शतकांनंतर. तेव्हां जी विद्या आपण अनादि समजतों, तीही वेळोवेळीं नवें शिकत आलेली आहे.

आतां खानदेशाकडे येऊं. येथें ‘औषध देणारा माणूस’ हा एकच प्रकारचा नाहीं. पहिला ग्रंथ शिकलेला वैद्य. ह्याच्या फडताळांत शार्ङ्गधर, भावप्रकाश आणि शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हे ग्रंथ असावयाचेच. ह्याच पदेशास्त्र्यांनीं १९०७ सालीं आमच्या शेजारीं नाशिकास आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घातला. दुसरा सातपुड्यांतील भिल्ल, पावरा किंवा तडवी जाणकार. ह्याला अक्षरओळख नसेलही, पण शंभर पावलांवरून तो झाड ओळखतो. तिसरा गांवोगांव फिरून मुळ्या विकणारा वैदू. ह्यांशिवाय हाड बसविणारा, सुईण, आणि मंत्र घालणारा भगत. शहरांतील लोक ह्या सर्वांस एकाच माळेंत ओंवतात, आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. मी आज ज्याच्याविषयीं बोलणार आहें, तो पहिल्या दोघांच्या मधला : घरींच विद्या शिकलेला, थोडें वाचलेला, रान जाणणारा खेड्यांतील वैद्य.

त्याचा दिवस उजाडण्यापूर्वीं सुरू होतो. उन्हाळ्यांत जळगांव-भुसावळकडे पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, हें आपणांस ठाऊक आहेच. तेव्हां रानांतील काम ऊन चढण्याच्या आंत उरकावें लागतें. परंतु रोज उठून हवें तें उपटून आणावें, असा हा व्यवहार नव्हे. कोणता भाग कोणत्या ऋतूंत घ्यावा, ह्याचा नियम चरकानें सांगून ठेविलेला आहे : कोंवळ्या फांद्या व पानें वर्षा आणि वसंत ऋतूंत, मुळें ग्रीष्मांत किंवा शिशिरांत, साल, कंद आणि चीक शरदांत, फुलें-फळें ज्या त्या हंगामांत. अक्षरशत्रु पावऱ्यासही हा नियम अनुभवानें पाठ असतो. साल काढावयाची तर झाडाच्या एकाच अंगाची, पट्टी काढून. सभोंवार कधींच नाहीं, कारण सभोंवार साल सोलली म्हणजे झाड मरतें. कंद खणला तर लहान कंद मातींत परत पुरावयाचा. काढण्यापूर्वीं झाडाला हात जोडावयाचे. ह्या हात जोडण्याला कोणी भोळेपणा म्हणो. पण ज्याला हात जोडावयाचे, त्याला माणूस समूळ उपटीत नाहीं, एवढा तरी त्याचा उपयोग आहे.

ह्या कामांतील खरी विद्या म्हणजे पारख. एकच उदाहरण देतों. आंवेवर कुड्याची साल देतात, हें आपल्या आजीबाईंसही ठाऊक असे. परंतु सातपुड्यांत कुडे दोन आहेत. पांढऱ्या कुड्याच्या बिया म्हणजे कडू इंद्रजव. काळ्या कुड्याच्या बिया म्हणजे गोड इंद्रजव. दोन्ही झाडांना जोडशेंगा, दोन्हींना पांढरीं फुलें. आंवेवर उपयोगी तो पांढरा कुडा. आणि बाजारांत त्याच्या सालींत दुसऱ्याची भेसळ सर्रास होते. वैद्य साल मोडून जिभेवर ठेवतो. कडूपणा लगेच आला पाहिजे आणि बराच वेळ टिकला पाहिजे. मुलगा बापाबरोबर रानांत जातो, तो प्रथम हें चाखणें शिकतो. औषध देणें पुष्कळ वर्षांनंतर येतें.

सूर्य हातभर वर आला कीं ओटीवर माणसें जमूं लागतात. येथें चिठ्ठी नाहीं, घंटा नाहीं. बाई आली तर वैद्य अहिराणींत विचारतो, “काय व्हई राह्यनं माय?” आणि मग गप्प बसतो. हें गप्प बसणें फार महत्त्वाचें आहे. ती बाई आपल्या खोकल्यापासून सुरुवात करते आणि सुनेच्या बाळंतपणापर्यंत, कपाशीवर पडलेल्या किडीपर्यंत जाऊन परत खोकल्यावर येते. वैद्याला ह्यांतील अर्धें ऐकून ठाऊक असतें. पण झोंप लागत नाहीं ती खोकल्यामुळें कीं काळजीमुळें, हें त्याला ह्याच बोलण्यांतून उमगतें. मग जीभ, डोळे, नखें, मग नाडी. पुरुषाचा उजवा हात, स्त्रीचा डावा. अंगठ्याच्या मुळाशीं तर्जनी, मध्यमा आणि अनामिका अशीं तीन बोटें ठेवून तो डोळे मिटतो. ह्या तीन बोटांनीं वात, पित्त, कफ मोजले जातात, हें शास्त्र आधुनिक वैद्यकास मान्य नाहीं, हें मीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. तथापि ताप, अशक्तपणा, धडकी, अनियमित ठोके हे त्या बोटांना कळतात. आणि रोग्याचा हात कोणीतरी शांतपणें धरून बसला आहे, ह्याचाही एक परिणाम होतोच.

औषध देतांना अर्धा वेळ पथ्य सांगण्यांत जातो. कोणत्या अनुपानांत घ्यावयाचें : मध, तूप, ताक कीं गरम पाणी, काय खावयाचें नाहीं, केव्हां निजावयाचें. कावीळ झालेल्याला तेलकट बंद, मद्य बंद, विश्रांति. काविळीवर भुईआवळा द्यावयाची चाल खानदेशांत आहे, तशीच ती तामिळ देशांतही आहे. दोघेही त्याच इवल्याशा, पानाखालीं फळें धरणाऱ्या रोपट्याकडे वळले. कित्येक काविळी विश्रांति आणि पथ्य ह्यांनीं आपोआपच उतरतात, आणि श्रेय रोपट्याला मिळतें. शहाणा वैद्य हेंही मनांतून जाणतो. दक्षिणेबद्दल म्हणाल तर पूर्वीं फी ठरलेली नसे. कोणी सुगींत पायलीभर ज्वारी आणून टाकी, कोणी नुसता नमस्कार करी. आजही कित्येक घरीं औषधाची किंमत घेतात, पण नाडी पाहण्याचे पैसे घेत नाहींत.

दुपार ही खलबत्त्याची. शहरांत बाटलींतून येणारें चूर्ण आपण चमच्यानें घेतों. त्यामागें किती मनगटें दुखलीं, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. हिरडा, बेहडा, आवळा बिया काढून, सांवलींत वाळवून, वेगवेगळे कुटून, कापडांतून गाळून मग एकत्र करावयाचे, तेव्हां त्रिफळा. काढ्याचें माप शार्ङ्गधरानें दिलें आहे : एक भाग वनस्पति, सोळा भाग पाणी, मंद आंच, आणि आटून आठवा हिस्सा उरला म्हणजे उतरावयाचें. घाई केली तर तळ लागतो. सर्वांत कठीण काम शोधनाचें. बचनाग हें विष आहे. बिब्बा अंगावर उतला तर फोड उठतात. अशीं द्रव्यें जशींच्या तशीं औषधांत घालीत नाहींत. बचनाग गोमूत्रांत किंवा दुधांत, बिब्बा विटेच्या चुऱ्यांत, असे त्यांचे शोधनाचे विधि आहेत. वैद्य हें काम दुसऱ्यावर सोंपवीत नाहीं, आणि तें चालूं असतां बोलतही नाहीं.

सायंकाळीं अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरीं जाणें, आणि रात्रीं दुसऱ्या दिवसाच्या पुड्या बांधणें. असा हा दिवस संपतो. त्यांत चमत्काराला कोठेंही जागा नाहीं, हें आपल्या लक्षांत आलेंच असेल. पारख, मोजमाप, ऐकून घेणें आणि संयम ह्या चार गोष्टींवर तो उभा आहे. आणि ह्या चारांहून मोठी अशी एक पांचवी गोष्ट आहे. ती सांगण्यासाठींच मीं हा विषय घेतला.

शिरपूर तालुक्यांतील एका शाळेंत मी शिक्षक असतांना पावसाळ्यांत एका शेतकऱ्याला विषारी साप चावला. लोकांनीं त्याला उचलून थेट वैद्याच्या ओटीवर आणून निजविलें. कोणी भगताला बोलावण्यास धावलें. म्हातारे वैद्य बाहेर आले. त्यांनीं पाय पाहिला आणि लगेच विचारलें, “गाडी कोणाची आहे?” मंडळी म्हणाली, “आबा, आधीं कांहीं मुळी द्या.” आबांनीं उत्तर दिलें, “माझ्या बरणींत ह्याचें औषध नाहीं. तें धुळ्याच्या सरकारी दवाखान्यांत आहे.” त्यांनीं पायाला दोन्ही बाजूंनीं बांबूच्या कांबी लावून तो हलणार नाहीं असा केला, जखमेला कोणाला हात लावूं दिला नाहीं, मंत्राला वेळ दिला नाहीं, आणि स्वतः गाडींत बसून गेले. तो शेतकरी वांचला. गांवांत पुढें पुष्कळ दिवस चर्चा झाली ती त्याच्या दैवाची. माझ्या मतें ती आबांच्या त्या एका वाक्याची व्हावयास हवी होती.

नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चार सर्पांच्या विषांवर चालणारें प्रतिविष आपल्या देशांत तयार होतें. मुंबईच्या हाफकीन संस्थेचें नांव त्या कामासाठीं प्रसिद्ध आहे. विंचवाच्या दंशावरही तसेंच. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनीं लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून कित्येकांचे प्राण वांचले आहेत. अशा वेळीं मुळी उगाळण्यांत गेलेली घटका ही औषधाची नसून मरणाची असते. ज्या वैद्याला हें कळतें तो हजारांचा मित्र. ज्याला कळत नाहीं, किंवा कळूनही कीर्तीच्या लोभानें जो रोग्याला धरून ठेवतो, त्याच्या हातीं सर्व विद्या असली तरी ती व्यर्थ होय.

हाच विवेक धातूंच्या औषधांनाही लागतो. सिद्धवैद्यकांत आणि आमच्या रसशास्त्रांत पारा, गंधक, सोमल ह्यांचीं औषधें पुष्कळ. नाथसिद्धांच्या कथांतूनही पारा वारंवार भेटतो. त्यांचे शोधन-मारणाचे विधि लांबलचक आहेत, परंतु ते कोणी केले, पुरे केले कीं नाहीं, हें विकत घेणाऱ्याला कसें कळावें? २००४ सालीं अमेरिकेंतील बोस्टन शहरांत दुकानांतून घेतलेलीं ७० आयुर्वेदीय औषधें तपासलीं, तेव्हां १४ औषधांत शिसें, पारा किंवा सोमल आढळला. आपल्या औषधविषयक नियमांत ह्याच कारणासाठीं विषारी द्रव्यांची एक वेगळी यादी आहे, आणि तीं ज्यांत आहेत अशा औषधांच्या वेष्टनावर तीं वैद्यकीय देखरेखीखालीं घ्यावीं, असा इशारा छापावा लागतो.

आणि निरुपद्रवी म्हणून जें गणलें जातें, त्याबद्दलही सावधगिरी हवी. २०२० सालच्या करोनाच्या साथींत घरोघर गुळवेलीचे काढे उकळले गेले. पुढील वर्षीं मुंबईंतील डॉक्टरांनीं सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झालेली होती. आयुष मंत्रालयानें त्यावर हरकत घेतली कीं, ती वनस्पति खरी गुळवेलच होती कीं तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हें तपासलेलें नाहीं. हा वाद कोणत्याही बाजूनें सुटो. दोन्ही पक्षांच्या बोलण्यांतून आपल्याला एकच धडा मिळतो. वेल कोणती, किती, किती दिवस आणि कोणाला, हे प्रश्न विचारणारा माणूस मध्यें नव्हता. जुन्या वैद्याची पारख आपण बाजूला सारली आणि त्याची वेल मात्र ठेवली.

येथें कायद्याचा उल्लेख केला पाहिजे. मुंबई इलाख्यांत १९३८ च्या कायद्यानें वैद्यांची नोंदणी सुरू झाली. आज महाराष्ट्रांत १९६१ चा कायदा लागू आहे. नोंदणीवांचून वैद्यकीचा धंदा करण्यास बंदी आहे. ही बंदी योग्यच आहे, कारण तिच्यावांचून भोंदूंना आवर घालण्याचा दुसरा उपाय नाहीं. आयुर्वेदाची पदवी घेण्यास आतां साडेपांच वर्षें लागतात, त्यांत एक वर्ष रुग्णालयांतील अनुभवाचें. खानदेशांतील वैद्यांचीं मुलें-मुली ती पदवी घेत आहेत, आणि त्यांना शरीरशास्त्र आजोबांहून शतपटीनें अधिक येतें. उणें पडतें तें एवढेंच कीं, महाविद्यालयांत वनस्पति बहुधा वाळलेल्या किंवा बागेंत लावलेल्या भेटतात. डोंगरांतील दोन कुडे ओळखणारी जीभ तेथें तयार होणें कठीण. इकडे तो डोंगरही पूर्वींचा राहिलेला नाहीं. सफेद मुसळीला बाजारांत भाव आला, आणि लहान कंद परत पुरण्याचा नियम बाहेरून आलेल्या टोळ्यांनीं पाळला नाहीं; जेथें ती सहज मिळे तेथें आतां शोधावी लागते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें रानांतील गौण उपजावर ग्रामसभांचा हक्क मान्य केला आहे. तो नीट वापरला गेला तर ज्यांना झाडाला हात जोडण्याची सवय आहे, त्यांच्याच हातीं रान राहील.

मग आपण शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनीं काय करावें? माझ्या अल्पमतीप्रमाणें तीन गोष्टी. पहिली : ज्याच्याकडून औषध घेतों त्याची नोंदणी आहे काय, औषधांत काय आहे, आणि तें किती दिवस घ्यावयाचें, हें निःसंकोच विचारावें, उत्तर देतांना जो रागावतो त्याचें औषध घेऊं नये. दुसरी : आपण दुसरीं कोणतीं औषधें घेत आहों, हें वैद्याला आणि डॉक्टरला, दोघांनाही सांगावें, लपवूं नये. तिसरी : आपल्या गांवीं एखादा वृद्ध जाणकार असेल, तर घरांतील शिकलेल्या मुलाला वही घेऊन त्याच्याबरोबर रानांत पाठवावें. झाडाचें अहिराणी, पावरी व मराठी नांव, जागा, ऋतु आणि खूण एवढें तरी लिहून घ्यावें. औषधाचा गुण पुढें प्रयोगशाळेंत तपासतां येईल. परंतु झाड कोणतें, हेंच सांगणारा उरला नाहीं, तर प्रयोगशाळा काय तपासणार? तामिळ सिद्धांचें ज्ञान ताडपत्रांवर उतरलें होतें, म्हणून आज त्याचीं महाविद्यालयें होऊं शकलीं. आमच्या सातपुड्यांतील जाणकाराजवळ ताडपत्र नाहीं. त्याची विद्या त्याच्या जिभेवर आणि बोटांत आहे, आणि तीं त्याच्याबरोबरच जातात.

वैद्य विश्वासाला पात्र आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची एक साधी खूण आतां आपल्याजवळ आहे. तो काय काय बरें करतों म्हणून सांगतो, हें मोजूं नये. “हें माझ्या बरणींत नाहीं” असें तो केव्हां म्हणतो, तें पाहावें.